दुसरी चाळण

डॉक्टर युर्गिता माझ्या मुलीहून लहान.
पोटावर दोन बोटं दाबून विचारते, शेवटचं कधी झालं?
मी खिडकीबाहेर बघतो.
बर्फ वितळतोय, रस्ता काळा पडलाय.
मंगळवारी, म्हणतो.
आज सोमवार आहे.

पंचवीस वर्षं मी सात नंबरची बस चालवतोय,
पानेवेझिस स्टेशन ते साखर कारखाना, आणि परत.
बसून बसून आतडं झोपी गेलंय.
ती कागदावर लिहिते: गव्हाचा कोंडा, जवस, बीट,
राय धान्याचा काळा पाव, भिजवलेले सुके आलुबुखार,
आणि पाणी प्या भरपूर, नाहीतर आत सिमेंट होईल.
तंतू वाढवा, म्हणते. तंतू.
जसा काही मी गोधडी शिवायला घेतलीय.

दुकानात काळा पाव पांढऱ्यापेक्षा महाग.
चष्मा पुसून किंमत पुन्हा वाचली.
आई बरोबर असती तर
दुकानदाराला तोंडावर चोर म्हणाली असती.

आमच्या घरी चाळण्या दोन.
एरवी आठवडाभर कोंड्याचा मांडा,
पण नाताळला, ईस्टरला, माझ्या नामदिनाला
आई पीठ दोनदा चाळायची.
दुसऱ्या चाळणीला घोड्याच्या केसांची जाळी,
खाली इतकं हलकं पडायचं
की मला शिंकायची बंदी.
वर उरायचा तो कोंडा डुकराला.
(डुकराचं पोट कधी तटल्याचं ऐकलं नाही.)
पांढरा पाव मला, मधोमध लोणी,
आणि तिच्या हातात कालचं काळं कवच.
ती बघत बसायची मी चावतो कसा.
खरं तर चावावं लागायचंच नाही,
तोच त्याचा मान.

आता डुकराचा वाटा मी पैसे मोजून आणतो,
दोन चमचे दह्यात कालवतो,
पहाटे पाचला, डेपोत जाण्याआधी, उभ्यानं गिळतो.
चव सुताराच्या दुकानासारखी.
पहिला आठवडा नुसता वारा.
उणे चार असताना खिडकी उघडी ठेवून बस चालवली,
मागच्या बायका कुरकुरल्या, मी रेडिओ मोठा केला.
दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, पाच वाजायच्या आत...
ते राहू द्या.
एवढंच सांगतो, त्या दिवशी
स्टेशनपर्यंतचे सगळे सिग्नल मला हिरवे मिळाले.

रविवारी वृद्धाश्रमात गेलो.
आईच्या नव्वदीला दोन कमी.
माझ्या डब्यात काळा पाव बघून तिचा चेहरा उतरला.
दाराकडे नजर टाकून हळूच म्हणाली,
वीतेनिस, नोकरी गेली का?
नाही गं.
मग? दिवस पुन्हा तसे आले?
मी म्हटलं, डॉक्टर म्हणते तंतू खायचे.
तंतू?
आई हसली, कवळी हातात येईपर्यंत.
तीस वर्षं लिननच्या गिरणीत
तिनं जवसाच्या देठांतून धागा उपसला.
नाकात तंतू, रुमालाखालच्या केसांत तंतू,
दुधाच्या पेल्यात, रात्री खोकताना उशीवर.
म्हणाली, तंतू होय!
तुझ्या वाटचे मी कधीच खाल्लेत.

मग ट्रेवरचा नॅपकिन उलगडला.
आत एक पांढरा पाव, न्याहारीपासून लपवलेला,
कडा वाळलेल्या, मध्ये तिच्या अंगठ्याचा खड्डा.
घे, म्हणाली. नर्स यायच्या आत संपव.

युर्गिताबाई, तुमचा कागद फ्रिजवर लावलाय.
जवस रात्री भिजत घालतो, पाणी मोजून पितो,
बीटाचं गार गुलाबी सूप आता उन्हाळ्याची वाट बघत नाही.
पण रविवारचा तो पाव मी खाल्ला.
औषधाला एक तंतू नव्हता त्यात,
तरी खूप वेळ चावत राहिलो.
आई बघत होती.